विदर्भाच्या उन्हाळ्यात गाडीचा रंग आणि आतला भाग कसा जपायचा

नागपूर, अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरी या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला तरी आता कुणी दचकत नाही. पण पेपरात छापून येतं ते तापमान सावलीतल्या हवेचं असतं. उघड्यावर उभ्या गाडीचा टप, बॉनेट आणि डॅशबोर्ड त्याहून कितीतरी जास्त तापतात, आणि तेही मार्चपासून मृग लागेपर्यंत रोज. इथल्या कुठल्याही सरकारी कार्यालयाच्या किंवा कॉलेजच्या आवारात एक चक्कर मारा. सात-आठ वर्षं वापरलेल्या गाड्यांची दारं अजून ठीक दिसतील, पण टपावर आणि बॉनेटवर पांढरट चट्टे आणि सुटलेले पोपडे दिसतील. लाल आणि काळ्या गाड्यांवर तर लांबूनच.

हे टाळता येतं, आणि त्यासाठी फार पैसे लागत नाहीत. दुकानातल्या बाटल्यांआधी सावलीचा विचार करा, मग धुण्याच्या पद्धतीचा, आणि त्यानंतर वॅक्स-कोटिंगचा. बहुतेक लोक नेमकं उलट्या टोकाने सुरू करतात: शोरूममध्येच महागडं कोटिंग करून घेतात आणि मग गाडी पाच वर्षं भर उन्हात उभी करतात.

ऊन नेमकं काय बिघडवतं

पत्र्यावर आधी गंजरोधक थर असतो, त्यावर प्रायमर, मग रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक थर, ज्याला पेंटर आणि डिटेलिंगवाले (गाडी बारकाईने साफ-पॉलिश करून देणारे) क्लिअर कोट म्हणतात. हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतात. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीपेक्षाही कमी. गाडीची चमक त्याच्यामुळे असते आणि खालच्या रंगाचं उन्हापासून रक्षणही तोच करतो. अतिनील किरण शोषणारी रसायनं त्यात कारखान्यातच मिसळलेली असतात. ती वर्षानुवर्षं झिजत जातात. ती संपत आली की वरचा थर ठिसूळ होतो, आधी निस्तेज दिसतो, मग पांढरट पडतो आणि शेवटी सुटू लागतो. एकदा सुटला की कुठल्याही पॉलिशने तो परत येत नाही. म्हणून पुढची सगळी खटपट हा पातळ थर जास्तीत जास्त वर्षं टिकवण्यासाठी आहे.

आतलं गणित थोडं वेगळं आहे. पुढची काच दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा घालून बनवलेली असते, त्यामुळे ती जवळजवळ सगळे अतिनील किरण अडवते. मात्र दिसणारा प्रकाश आणि उष्णता तिच्यातून आत येतातच. त्या उष्णतेने डॅशबोर्ड भाजतो आणि ती आतच कोंडून राहते. बाजूच्या काचा एकेरी, टफन केलेल्या असतात. त्यांतून अतिनील किरणांचा बराच भाग आत येतो. रोज गाडी चालवणाऱ्यांचा उजवा हात डाव्यापेक्षा जास्त काळवंडलेला असतो तो याच काचेमुळे. सीटच्या बाहेरच्या कडा आणि दारावरचं कापड आधी विटतं त्याचंही कारण हेच.

सावलीने किती फरक पडतो याचा एक नेमका अभ्यास आहे. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१८ मध्ये तो प्रसिद्ध केला. हवेचं तापमान ३८ अंशांच्या आसपास असलेल्या दिवसांत त्यांनी गाड्या तासभर उन्हात आणि सावलीत उभ्या केल्या. उन्हातल्या गाडीचा डॅशबोर्ड सरासरी ६९ अंशांवर गेला, स्टिअरिंग ५३ वर. सावलीतल्या गाडीत हेच आकडे ४८ आणि ४२ होते. आपल्याकडे हवाच ४५ अंशांची असते, तेव्हा डॅशबोर्डची काय गत होत असेल याचा अंदाज येईल.

पहिली पायरी: गाडी कुठे आणि कोणत्या तोंडाने उभी करायची

घरी अंगण असेल तर सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक उपाय म्हणजे शेतीला वापरतात ती हिरवी शेडनेट. उन्हाळा लागला की इकडे घरोघरी अंगणावर ती बांधतातच, फक्त गाडीच्या जागेपर्यंत ती पोचत नाही. कृषी केंद्रात ५०, ७५ आणि ९० टक्के सावलीची नेट मिळते. गाडीसाठी ७५ किंवा ९० टक्क्यांची घ्या. गाडीच्या टपापासून नेट किमान दोन-तीन फूट वर राहिली पाहिजे, म्हणजे मधली गरम हवा निघून जाते आणि नेट वाऱ्याने खाली येऊन रंगाला घासत नाही. कडांना दुमड घालून तार ओवा आणि चारही बाजूंनी ताणून बांधा. एप्रिल-मेमधल्या वादळात सैल नेट फाटते आणि तिची तार गाडीवर येऊन पडते. पश्चिमेच्या बाजूला नेटचा एक पडदा खालपर्यंत सोडा, कारण दुपारी तीननंतरचं तिरपं ऊन छताखालून आत घुसतं. काही उन्हाळ्यांनी नेट स्वतःच उन्हाने जीर्ण होते. बोटांनी चुरगळल्यावर धागे तुटून भुगा पडू लागला की बदला.

पत्र्याचं शेड असेल तर पत्रा तापून खाली उष्णता फेकतो, पण अतिनील किरण पूर्ण अडवतो, त्यामुळे रंगासाठी ते चांगलंच. पत्र्यावर वरून चुन्याचा किंवा पांढऱ्या रंगाचा हात मारला की खालची धग चांगलीच कमी होते.

झाडाखाली उभी करायची असेल तर झाड आणि महिना दोन्ही बघा. आंब्याला मोहर असतो तेव्हा, म्हणजे साधारण जानेवारी ते मार्च, त्याखाली गाडी लावू नका. मोहरावरचे तुडतुडे गोड चिकट द्रव सोडतात. तो बारीक तुषारांसारखा टपावर बसतो, त्यावर धूळ चिकटते आणि उन्हात तो असा वाळतो की साध्या पाण्याने निघत नाही. कडुनिंबाची सावली चांगली, पण जूनमध्ये लिंबोळ्या पडायला लागल्या की त्या चाकाखाली आणि टपावर चिरडून डाग पडतात. पिंपळ-वडाखाली सावली दाट, पण पक्ष्यांचा मुक्काम कायमचा, त्यामुळे संध्याकाळी आणि रात्री ती जागा नकोच.

आता दिशा. मे महिन्यात सूर्य आपल्या डोक्यावर येतो. शून्य सावली दिवस पुण्या-मुंबईत मेच्या मध्याच्या सुमारास येतो आणि नागपुरात साधारण २६ मेच्या आसपास. त्या काळात भर दुपारी गाडी कुठल्याही तोंडाने लावली तरी टप आणि बॉनेट भाजणारच. हिवाळ्यात दिवसभर सावली देणारी इमारतीची उत्तरेची भिंत तेव्हा काही कामाची नसते. पूर्वेकडच्या भिंतीलगत मात्र दुपारनंतर सावली सरकत येते. ऑफिसच्या आवारात जागा निवडायची मुभा असेल तर पूर्वेची बाजू धरा.

उघड्यावरच लावावी लागत असेल तर दुपारनंतरच्या उन्हाचा विचार करा, कारण दहा ते सहा ऑफिस करणाऱ्याच्या गाडीला तेच सगळ्यात जास्त वेळ लागतं. पुढच्या काचेला सनशेड लावत असाल तर गाडीचं तोंड पश्चिमेकडे ठेवा. ऊन शेडवर येईल आणि परतेल. सनशेड नसेल तर गाडीची पाठ पश्चिमेकडे करा, म्हणजे डॅशबोर्ड आणि स्टिअरिंग वाचतील. सनशेड घेऊनही गाडी आडवी, म्हणजे उत्तर-दक्षिण लावली तर त्याचा निम्मा उपयोग वाया जातो.

कव्हर घालावं की नाही

बंद पार्किंगमध्ये आठवडा-आठवडा उभी राहणाऱ्या गाडीला कव्हर जरूर घाला. रोज वापरायच्या, उघड्यावरच्या गाडीबाबत मी थोडा सावध राहायला सांगेन. आपल्याकडे उन्हाळ्यात वारं आणि धूळ एकत्र येतात. धुळीने माखलेल्या गाडीवर कव्हर ओढलं की ते वाऱ्याने रात्रभर फडफडत राहतं आणि तीच धूळ क्लिअर कोटवर घासत राहते. सकाळी उन्हाकडे तोंड करून बॉनेट बघितलं की कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल चरे दिसतात ते यानेच. कव्हर घालायचंच तर आतून मऊ अस्तर असलेलं, हवा खेळणारं घ्या, पोटाखालून पट्टा बांधा आणि गाडी स्वच्छ असेल तेव्हाच घाला. साध्या प्लॅस्टिकचं कव्हर उन्हाळ्यात रंगाला चिकटतं आणि पावसाळ्यात आत ओल धरतं, ते घेऊ नका.

दुसरी पायरी: धुणं आणि पुसणं

अपार्टमेंटमध्ये रोज सकाळी गाड्या पुसणारे दादा एका बादलीत, एकाच फडक्याने दहा-बारा गाड्या पुसतात. पहिल्या गाडीची माती शेवटच्या गाडीवर घासली जाते. त्यांच्यावर चिडून उपयोग नाही, त्यांना तेवढ्याच वेळात तेवढं काम उरकायचं असतं. त्यांना आपल्या गाडीसाठी दोन वेगळी मायक्रोफायबरची फडकी द्या, एक काचांना आणि एक बॉडीला, आणि विनंती करा: "दादा, आधी नुसतं पाणी मारा, मग पुसा. पाणी नसेल त्या दिवशी पुसूच नका." कोरडी धूळ पुसण्यापेक्षा ती तशीच राहिलेली बरी.

स्वतः धुणार असाल तर असं करा.

१. वेळ सकाळी सूर्य वर यायच्या आत किंवा संध्याकाळी पत्रा निवल्यावर. हाताचा तळवा बॉनेटवर ठेवा. आरामात ठेवता आला तरच पाणी मारा. तापलेल्या पत्र्यावर शाम्पू आणि पाणी जागच्या जागी वाळतं आणि डाग सोडतं.

२. आधी वरून खाली पाण्याने धूळ वाहू द्या. पाईप नसेल तर मग्याने. या वेळी फडकं लावू नका.

३. दोन बादल्या घ्या, एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत नुसतं पाणी. मिट (धुण्याचा मऊ हातमोजा) किंवा फडकं शाम्पूत बुडवा, टपापासून सुरुवात करा, प्रत्येक भाग झाला की साध्या पाण्यात पिळून पुन्हा शाम्पूत. चाकं आणि खालचा काठ सगळ्यात शेवटी, आणि वेगळ्या फडक्याने.

४. कपडे किंवा भांडी धुण्याची पावडर-लिक्विड वापरू नका. त्याने माती निघते, आणि सोबत वॅक्सही निघतं.

५. धुऊन झाल्यावर लगेच कोरडं करा. सावलीतही करा.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण विदर्भ-मराठवाड्यात खरी अडचण तिथे आहे. बोअरचं पाणी क्षाराचं असतं. ते रंगावर वाळलं की गोल पांढरे डाग पडतात, आणि ऊन लागत राहिलं की ते क्लिअर कोटमध्ये खोलवर बसतात. बोअरच्या पाण्याने गाडी धुवायची असेल तर शेवटचा एक हात चांगल्या पाण्याचा द्या. अर्धी बादली पुरते. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी बादलीत साठवलं तर या कामाला उत्तम, कारण ते हवेतल्या बाष्पाचं असतं आणि त्यात क्षार जवळजवळ नसतात. याउलट घरच्या आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी अनेकजण गाडीसाठी जपून ठेवतात. भावना चांगली आहे, पण त्यात क्षार नेहमीच्या पाण्यापेक्षा जास्त असतात. चाकांवरची माती उडवायला ते ठीक आहे, रंगावर नको. कूलरच्या टाकीतलं पाणीही तसंच, दिवसभर उडून उडून दाट झालेलं. आणि गाडी कूलरच्या फवाऱ्यासमोर लावू नका. तिथे उभ्या राहणाऱ्या गाडीच्या एकाच बाजूच्या दारांवर पांढऱ्या ठिपक्यांचा पट्टा बसतो.

ताजे क्षाराचे डाग पांढरं व्हिनेगर आणि आरओचं पिण्याचं पाणी समप्रमाणात घेऊन थंड पत्र्यावर लावल्यास बऱ्याचदा निघतात. एखादं मिनिट ओलं फडकं ठेवा, पुसा, लगेच भरपूर पाण्याने धुवा. त्यानंतर त्या जागी वॅक्सचा हात द्या.

ताबडतोब काढायच्या गोष्टी

पक्ष्यांची विष्ठा उन्हात तासाभरात डाग पाडू शकते. पत्रा तापला की रंगाचा थर मऊ होऊन थोडा पसरतो, संध्याकाळी निवताना आकसतो आणि विष्ठेच्या खडबडीत थराला धरून घट्ट होतो. त्यामुळे डाग पुसून गेला तरी त्याच्या आकाराची खूण राहते. गाडीत पाण्याची छोटी बाटली आणि जुनं सुती फडकं ठेवा. फडकं भिजवून डागावर पाच मिनिटं ठेवा, मऊ झालं की उचलून घ्या. नखाने किंवा कोरड्या कागदाने खरडू नका.

दसऱ्याची पूजा, नवीन गाडीची पूजा यांचंही तसंच. ओल्या हळदी-कुंकवाचं स्वस्तिक बॉनेटवर काढतो, झेंडूचा हार तारेने बांधतो, आणि दुसऱ्या दिवशी ऑक्टोबरच्या उन्हात गाडी उभी राहते. पांढऱ्या गाडीवर हळदीचा आणि कुंकवाचा रंग धरतो, तार चरे पाडते. पूजा मनापासून करा आणि संध्याकाळी पाण्याने धुऊन टाका. स्वस्तिक बॉनेटवर काढण्याऐवजी पुढच्या काचेच्या कोपऱ्यात काढलं तर डागाचा प्रश्नच येत नाही, काचेवरून सगळं निघतं.

तिसरी पायरी: वॅक्स, सीलंट, कोटिंग, पीपीएफ

हे लावण्याआधी रंग साफ आणि गुळगुळीत हवा. धुतलेल्या कोरड्या बॉनेटवर बोटांवर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून हात फिरवा. खरखर लागली तर रंगात बारीक कण रुतले आहेत. ते क्ले बारने, म्हणजे रंगावरून फिरवायच्या मऊ मातीसारख्या वडीने काढायचे, भरपूर ओलाव्यासह, हलक्या हाताने.

वॅक्स म्हणजे बहुधा ब्राझीलमधल्या ताडाच्या जातीच्या झाडापासून मिळणारं कार्नोबा मेण. चमक सुरेख येते, पण आपल्या उन्हात ते महिना-दीड महिन्याच्या वर टिकेल अशी अपेक्षा करू नका. सिंथेटिक सीलंट, म्हणजे वॅक्ससारखाच लावायचा पण कृत्रिम रसायनांचा थर, चार-सहा महिने टिकतो, लावायला तेवढाच सोपा आणि फारसा महाग नाही. बहुतेकांसाठी मी हाच सुचवेन: एकदा फेब्रुवारीअखेर, ऊन चढायच्या आधी, आणि एकदा पावसाळा संपल्यावर. सावलीत, थंड पत्र्यावर, एका वेळी एक भाग, पातळ हाताने. टप विसरू नका. डोळ्यांना दिसत नाही म्हणून टपावर कुणी वॅक्स लावत नाही, आणि सगळ्यात जास्त ऊन तोच खातो.

सिरॅमिक कोटिंगने पाणी आणि धूळ घसरून जाते, धुणं सोपं होतं, चमक वर्ष-दोन वर्षं टिकते. एवढ्यासाठी ते चांगलं आहे. पण विक्रेते '९एच' म्हणून जो कडकपणा सांगतात तो पेन्सिलने ओरखडा काढून बघण्याच्या चाचणीतला आकडा आहे. त्यावरून कोटिंगवर चरा पडणार नाही असं समजू नका. विष्ठेचे आणि क्षाराचे डाग त्यावरही पडतात. कोटिंग केलं म्हणून गाडी उन्हात ठेवायला मोकळे झालो, असं अजिबात नाही.

पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म) म्हणजे रंगावर चिकटवायची पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकची जाड पारदर्शक फिल्म. ती स्वतः ऊन, चरे, बारीक खडे झेलते आणि खालचा रंग तसाच ठेवते. खरं संरक्षण म्हणाल तर हेच. पूर्ण गाडीला लावायचं तर खर्च सहज लाखाच्या घरात जातो, म्हणून उन्हाचा विचार करता बॉनेट, टप आणि हेडलाईट एवढ्यावरच लावून घ्या. स्वस्त फिल्म दोन-तीन उन्हाळ्यांत पिवळी पडते आणि काढताना त्रास देते. वॉरंटीत पिवळं पडण्याचा उल्लेख लेखी आहे का, ते आधी बघा.

आणि दरवर्षी 'रबिंग-पॉलिश' करून घेण्याची सवय सोडा. रबिंगने चमक येते कारण क्लिअर कोटचा वरचा खराब पापुद्रा खरवडला जातो. थर मुळातच पातळ असल्यामुळे ते कितीदा करायचं याला मर्यादा आहे. चरे किंवा पांढरटपणा खरोखर दिसत असेल तेव्हाच करा, आणि शक्य असेल तिथे मायक्रॉन मोजणारं यंत्र असलेल्या डिटेलरकडे करा.

आतला भाग

पाडव्याला किंवा अक्षय्य तृतीयेला घरी आलेली नवी गाडी थेट भर उन्हाळ्यात येते. सीटवरचं, दारावरचं प्लॅस्टिक पहिल्याच आठवड्यात काढून टाका. ते ठेवल्याने सीट नवी राहते असं वाटतं, पण त्याखाली उष्णता आणि घामाची ओल कोंडते, आणि काही महिन्यांनी प्लॅस्टिकचा गोंद कापडावर उतरतो.

पुढच्या काचेचा चंदेरी सनशेड ही आतल्या भागासाठी सगळ्यात आधी घ्यायची वस्तू. चंदेरी बाजू बाहेर, काचेला जितका चिकटून बसेल तितका चांगला. आरसा आणि फास्टॅगच्या जागेचा कट असलेला, आपल्या मॉडेलच्या मापाचा घ्या. सैल शेडच्या बाजूने येणाऱ्या उन्हाने डॅशबोर्डच्या कोपऱ्यांत वेगळा पट्टा पडतो. शेड नसेल त्या दिवशी स्टिअरिंगवर पांढरा टॉवेल टाका.

नवी गाडी उन्हात राहिली की पुढच्या काचेवर आतून तेलकट धुरकट थर येतो. डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकमधली रसायनं तापून उडतात आणि काचेवर बसतात. समोरच्या गाडीचे दिवे रात्री पसरट दिसायला लागले की हाच थर आहे असं समजा. मायक्रोफायबर आणि काचेच्या क्लीनरने दोन वेळा पुसा, एकदा आडवं, एकदा उभं. सुरुवातीच्या महिन्यांत तो पुन्हापुन्हा येतो.

डॅशबोर्डला वॉशिंग सेंटरवाले जी चकचकीत सिलिकॉन पॉलिश मारतात ती मारू देऊ नका. ती धूळ धरते आणि डॅशबोर्डचं प्रतिबिंब पुढच्या काचेत पडून दुपारी डोळ्यांना त्रास होतो. पाण्यावर आधारलेला, अतिनील संरक्षण असलेला आणि मॅट फिनिश देणारा ड्रेसिंग घ्या. आधी ओल्या फडक्याने पुसा, मग फडक्यावर थोडं घेऊन लावा. थेट फवारलं तर ते स्विचमध्ये आणि स्क्रीनवर जातं.

सीट खऱ्या चामड्याचं असेल तर उन्हाळ्याच्या आधी आणि मध्ये एकदा लेदर कंडिशनर. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत मात्र लेदरेट, म्हणजे कृत्रिम चामडं असतं, त्याला कंडिशनर मुरत नाही. त्याला घामाचा थर काढणं महत्त्वाचं: सौम्य साबणाच्या पाण्यात पिळलेलं फडकं, आणि मग कोरडं. खोबरेल तेल लावण्याचा घरगुती उपाय करू नका, त्याने सीट तेलकट होतं आणि धूळ काळी होऊन शिवणीत बसते.

दारांचं रबर बीडिंग वाळून कडक झालं की पहिल्या पावसात पाणी आत येतं. महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने धूळ काढून रबरसाठीचं सिलिकॉन ड्रेसिंग बोटाने चोळा. वॉशिंग सेंटरमध्ये रबरवर, टायरवर डिझेल मारतात. त्या दिवशी काळं कुळकुळीत दिसतं, पण डिझेलने रबर फुगतं आणि लवकर मरतं. गाडी देतानाच "डिझेल मारू नका" असं बजावून सांगा.

बाजूच्या काचांच्या फिल्मबद्दल प्रश्न नेहमी येतो. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये काचांवर कुठलीही फिल्म चिकटवायला मनाई केली होती. पुढे केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १०० मध्ये बदल झाला आणि १ एप्रिल २०२१ पासून ठरलेल्या भारतीय मानकानुसार फिल्मसह काच चालते, असं म्हणायला वाव मिळाला. पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने या मर्यादेतली फिल्म लावणाऱ्याला दंड करता येणार नाही असा निर्णय दिला. रस्त्यावरचा हवालदार मात्र फिल्म दिसली की अडवू शकतो, ही वस्तुस्थिती धरून चाला. लावायचीच तर उष्णता अडवणारी, जवळपास पारदर्शक फिल्म घ्या. टक्केवारी काच आणि फिल्म मिळून मोजली जाते, त्यामुळे लावून झाल्यावर मीटरने मोजून घ्या आणि बिल व प्रमाणपत्राची प्रत गाडीत ठेवा. हे नको असेल तर जाळीचे पडदे फक्त गाडी उभी असताना लावा.

बंद गाडीत डिओचा कॅन, लायटर, पॉवर बँक, सॅनिटायझरची बाटली ठेवू नका. डिओच्या कॅनवरच लिहिलेलं असतं की ५० अंशांच्या वर नेऊ नये, आणि ती मर्यादा आपल्याकडे सकाळी अकरालाच ओलांडली जाते. औषधंही नकोत. लहान मूल, वयस्कर माणूस किंवा कुत्रा यांना तर "पाचच मिनिटं" म्हणूनही बंद गाडीत सोडू नका.

उन्हातून गाडी काढताना बसल्याबसल्या एसी फुल्ल करण्याऐवजी आधी सगळ्या काचा खाली घ्या, दोन-तीन मिनिटं चालवा, कोंडलेली हवा निघू द्या. मग काचा लावून एसी, आणि गारवा आल्यावर आतली हवा फिरवण्याचं बटण.

हेडलाईट आणि आधीच झालेलं नुकसान

हेडलाईटची काच पॉलिकार्बोनेटची असते. तिच्यावरचा संरक्षक थर उन्हाने गेला की ती पिवळी पडते आणि रात्री उजेड कमी होतो. टूथपेस्टने घासलं की चार दिवस बरी दिसते, बस. नीट करायची तर पाण्यात भिजवलेल्या १०००, २००० आणि ३००० नंबरच्या पॉलिश पेपरने क्रमाने घासा, मग पॉलिश, आणि त्यावर अतिनील संरक्षक कोट किंवा पीपीएफ लावलाच पाहिजे. नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात ती पहिल्यापेक्षा लवकर पिवळी होते.

टप किंवा बॉनेट आधीच खराब दिसत असेल तर बोटाची नखं चट्ट्याच्या काठावरून हलकेच फिरवा. काठ नखाला लागला तर क्लिअर कोट सुटलेला आहे आणि तो भाग पुन्हा रंगवणं एवढाच मार्ग आहे. त्यावर पॉलिश, कोटिंगवर पैसे घालू नका. काठ लागत नसेल, पृष्ठभाग गुळगुळीत पण नुसता निस्तेज असेल, तर एका पॉलिशने आणि सीलंटने तो परत येईल. जुन्या, क्लिअर कोट नसलेल्या साध्या रंगाच्या गाडीला पॉलिश करताना फडक्यावर गाडीचा रंग उतरतो. तो तिथे अपेक्षितच आहे, घाबरू नका, फक्त हात हलका ठेवा.

रंगवून घेणार असाल तर पोपड्यापुरता ठिगळासारखा पॅच मारून घेऊ नका. क्लिअर कोट पॅनेलच्या कडेपर्यंत पूर्ण मारावा लागतो, नाहीतर जोडाची रेघ एक-दोन वर्षांत परत सुटते. धूळ नसलेला बूथ (रंग मारायची बंद खोली) आणि बेकिंगची, म्हणजे उष्णतेने रंग पक्का करण्याची सोय आहे का ते विचारा. आणि रंगवलेल्या भागावर निदान महिनाभर वॅक्स, सीलंट किंवा कोटिंग काहीही लावू नका. रंगातलं सॉल्व्हंट पूर्ण उडून जायला तेवढा वेळ लागतो. त्या महिन्यात गाडी फक्त सावलीत ठेवा आणि साध्या पाण्याने धुवा.